झाकलेल्या डोळ्यामागे

तिरळेपणाच्या ओपीडीत बाकावर थोडा वेळ बसून राहिले, तर एकच वाक्य निरनिराळ्या सुरांत ऐकू येत राहते. "इकडे बघ बाळा, चिमणीकडे बघ. चिमणी काय करतेय?" चिमणी प्लॅस्टिकची असते, पेनाच्या टोकाला खोचलेली. समोर आईच्या मांडीवर चार वर्षांची मुलगी. तपासणाऱ्या ताईंच्या एका हातात चमच्याच्या आकाराची काळी झाकणी. दुसऱ्या हातात प्रिझम बार, म्हणजे चढत्या जाडीचे पारदर्शक लोलक एकाखाली एक बसवलेली शिडीसारखी पट्टी. चिमणी धरायला तिसरा हात लागतो. तो बहुतेक वेळा आईचा असतो.

झाकणी उजव्या डोळ्यावरून डाव्यावर जाते, डाव्यावरून पुन्हा उजव्यावर. दर वेळी नुकताच उघडा पडलेला डोळा किंचित सरकतो आणि चिमणीवर येऊन थांबतो. ताईंचे सारे लक्ष त्या सरकण्यावर असते. पट्टी एक घर खाली येते, पुन्हा झाकणी, डोळा अजून सरकतोच आहे. आणखी एक घर. ज्या घरात डोळा जागचा हलेनासा होतो, त्या घरावर छापलेला आकडा केसपेपरवर जातो. तेवढ्यात मुलीला चिमणीचा कंटाळा आलेला असतो आणि ती पंख्याकडे पाहू लागते.

त्या आकड्याचे एकक आहे प्रिझम डायॉप्टर. न्यूयॉर्कचे चश्मातज्ज्ञ चार्ल्स प्रेंटिस यांनी 1890 मध्ये ते सुचवले आणि त्याची व्याख्या सुताराला पटावी इतकी साधी आहे: एक मीटर अंतरावर प्रकाशकिरणाला एक सेंटिमीटर बाजूला वळवणारा लोलक म्हणजे एक प्रिझम डायॉप्टर. अंशांत सांगायचे तर जेमतेम 0.57. एखाद्या मुलीचा डोळा 30 प्रिझम डायॉप्टर आत वळलेला आहे, याचा अर्थ ती एक मीटरवरच्या चिमणीकडे पाहत असताना तिचा दुसरा डोळा चिमणीच्या शेजारी शाळेतल्या फूटपट्टीएवढ्या अंतरावरच्या कोऱ्या भिंतीवर लागलेला असतो. मेंदूकडे एका वेळी दोन बातम्या येतात, चिमणीची आणि भिंतीची. मोठ्या माणसाला अशा वेळी दोन-दोन दिसते. लहान मुलाचा मेंदू भिंतीची बातमी बंद करून टाकतो आणि काही काळाने तो डोळाच आळशी पडतो. आपल्याकडे बारीकशा तिरळेपणाला 'लकी' म्हणायची पद्धत आहे. तिच्यापायी किती मुलांची ही सुरुवातीची वर्षे वाया गेली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

केसपेपरवरचा आकडा पुढे थेट शस्त्रक्रियागृहात जातो. डोळा हलवणारे सहा स्नायू असतात. बर्लिनच्या योहान डीफेनबाख यांनी 1839 मध्ये सात वर्षांच्या एका मुलाच्या डोळ्याचा आतला स्नायू कापला, तेव्हापासून तिरळेपणाची शस्त्रक्रिया सुरू झाली असे मानतात. त्या काळी नुसतेच कापत. आता स्नायू सोडवून काही मिलिमीटर मागे शिवतात, आणि किती मिलिमीटर ते ठरवायला कोष्टक असते. अमेरिकन बालनेत्रतज्ज्ञ मार्शल पार्क्स यांच्या नावाने चालणाऱ्या कोष्टकात दोन्ही डोळ्यांचे आतले स्नायू मागे घ्यायचे असतील, तर 15 प्रिझम डायॉप्टरसाठी प्रत्येकी 3 मिलिमीटर, 20 साठी साडेतीन, 30 साठी साडेचार, 50 साठी 6. 40 पर्यंतच्या पायऱ्यांवर दर पाच प्रिझम डायॉप्टरमागे अर्धा मिलिमीटर.

आता त्या शिडीच्या पट्टीची खरी परीक्षा. अमेरिकेतल्या बालनेत्ररोग संशोधकांच्या गटाने एकाच मुलाला दोन अनुभवी तपासनिसांकडून वेगवेगळे मोजून घेतले आणि 2009 मध्ये निष्कर्ष छापला. तिरळेपणा 20 प्रिझम डायॉप्टरपेक्षा मोठा असेल, तर दोन मापांत सुमारे 12 चा फरक पडेपर्यंत तो खरोखर बदलला आहे असे खात्रीने म्हणता येत नाही. पार्क्सच्या कोष्टकात 12 चा फरक म्हणजे दोन्ही डोळ्यांत मिळून दोन मिलिमीटरहून जास्त.

यात ताईंचा हात वाईट आहे असे नाही. लोलक जरासा कलला की त्याची ताकद बदलते. मोठा कोन मोजायला दोन लोलक एकावर एक धरले, तर त्यांची बेरीज साध्या बेरजेसारखी होत नाही. 'डोळा आता हलला नाही' हा निर्णय डोळ्यांनीच घ्यायचा आणि सरावलेल्या नजरेलाही साधारण 2 प्रिझम डायॉप्टरखालचे सरकणे टिपता येत नाही. शिवाय मोजायची वस्तूच चंचल. अधूनमधून बाहेर जाणारा डोळा सकाळी ताज्या मुलात सरळ असतो, दुपारी झोप आली की बाहेर जातो आणि उन्हात आले की मूल तो मिटूनच घेते. केसपेपरवर मात्र एकच आकडा.

व्हीआर हेडसेट डोळ्यांच्या दवाखान्यात शिरला तो याच फटीतून.

खरे तर हेडसेट बनवणाऱ्यांच्या मनात तिरळेपणा नव्हताच. डोळ्यांसमोरच्या दोन पडद्यांवर सेकंदाला नव्वद चित्रे काढायची, तीही कडेपासून कडेपर्यंत रेखीव, तर संगणकाची दमछाक होते. पण माणसाला रेखीव दिसते ते नजरेच्या मधोमध असलेल्या चिमूटभर जागेत. म्हणून युक्ती निघाली: डोळा कुठे पाहतो ते ओळखायचे आणि तेवढाच भाग तपशिलात रंगवायचा. त्यासाठी हेडसेटच्या आत प्रत्येक डोळ्याभोवती न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचे बारीक दिवे आणि छोटे कॅमेरे आले. फोव्ह या जपानी कंपनीने असा हेडसेट काढायला 2015 मध्ये लोकांकडून वर्गणी गोळा केली. तैवानच्या एचटीसीने 2019 मध्ये व्हाइव्ह प्रो आय बाजारात आणला. त्यातला नजरेचा माग काढणारा भाग स्वीडनच्या टोबी कंपनीचा होता आणि तो सेकंदाला 120 वेळा डोळ्याची जागा टिपतो. खेळ खेळणाऱ्यांसाठी बसवलेले हे कॅमेरे पाहून पहिल्यांदा ज्यांचे डोळे चमकले, त्यांत नेत्रतज्ज्ञही असणारच.

हे दिवे आणि कॅमेरे नेमके काय पाहतात? डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, कॉर्नियावर, दिव्याचे प्रतिबिंब पडते. बाहुलीचा मध्य आणि ते प्रतिबिंब यांच्यातले अंतर मोजले की डोळा किती वळला ते कळते. ऐकायला नवे वाटते, पण 1880 च्या दशकात बर्लिनच्या यूलियुस हिर्शबर्ग यांनी हेच केले होते, मेणबत्ती घेऊन. रुग्णाच्या समोर मेणबत्ती धरायची आणि दोन्ही बाहुल्यांत ज्योत कुठे चमकते ते पाहायचे. सरळ डोळ्यात ज्योत बाहुलीच्या साधारण मधोमध, तिरळ्या डोळ्यात एका बाजूला. ज्योत एक मिलिमीटर सरकली तर डोळा सुमारे सात अंश वळलेला. आज मेणबत्तीच्या जागी पेनटॉर्च आहे आणि झाकणीला दाद न देणाऱ्या तान्ह्या मुलांत अजूनही हीच पद्धत चालते. घरातल्या फोटोतसुद्धा ती दिसते: फ्लॅश मारून काढलेल्या बारशाच्या फोटोत एका डोळ्यातला पांढरा ठिपका मधोमध आणि दुसऱ्यातला कडेला असेल, तर शंका घ्यायला जागा आहे. हिर्शबर्ग यांची नजर एक मिलिमीटरच्या आत फारशी जाऊ शकत नव्हती. व्हाइव्ह प्रो आयच्या माहितीपत्रकात मधल्या 20 अंशांच्या क्षेत्रासाठी अचूकता दिली आहे 0.5 ते 1.1 अंश, म्हणजे साधारण 1 ते 2 प्रिझम डायॉप्टर. कागदावर तरी ही ताईंच्या नजरेच्या तोडीची किंवा तिच्याहून बारीक.

प्रत्येक डोळ्याला वेगळे चित्र दाखवण्याची हेडसेटची दुसरी करामतही जुनीच. चार्ल्स व्हीटस्टन यांनी 1838 मध्ये आरशांचा स्टिरिओस्कोप दाखवला, तेव्हापासून ती आहे. पॅरिसचे एमिल झावाल यांच्या बहिणीचे डोळे तिरळे होते. तिच्यासाठी म्हणून त्यांनी स्टिरिओस्कोपचे व्यायाम सुरू केले आणि आयुष्यभर तिरळेपणावर लिहिले. लंडनच्या क्लॉड वर्थ यांनी 1903 मध्ये 'स्क्विंट' हे पुस्तक काढले. त्यांचे उपकरण होते अँब्लिओस्कोप, दोन नळ्यांचे. त्याचा वारसदार सिनॉप्टोफोर आजही मोठ्या रुग्णालयांत टेबलावर बसलेला असतो, जड, धातूचा, दोन हात पसरलेल्या यंत्रासारखा. एका नळीत सिंह, दुसऱ्या नळीत पिंजरा. रुग्णाने दांडा फिरवत सिंह पिंजऱ्यात नेऊन बसवायचा. बसला की दांड्याखालच्या चकतीवर कोन वाचायचा.

या सिंहाच्या खेळात एक गंमत घडते आणि पुढे हेडसेटलाही ती भोवते. मूल दांडा फिरवत सिंह पिंजऱ्याजवळ आणते, अगदी गजांपर्यंत. आणि सिंह नाहीसा होतो. थोडे आणखी फिरवले की तो पिंजऱ्याच्या पलीकडच्या बाजूला उगवतो. आत म्हणून जातच नाही. मुलाचा मेंदू त्या एका डोळ्याची बातमी नेमक्या त्याच जागी दाबतो. याहून चकवणारा दुसरा प्रकार असतो. लहानपणापासून तिरळ्या डोळ्याने जगलेला मेंदू कधीकधी नवा करार करतो. सरळ डोळ्याचा मध्य आणि तिरळ्या डोळ्याच्या दृष्टिपटलावरची बाजूची एक जागा, यांची तो जोडी लावून टाकतो. अशा मुलाला सिंह पिंजऱ्यात दिसतो, पण दांडा शून्यावर असताना! त्याच्या लेखी त्याचे डोळे सरळ आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र डोळा 30 प्रिझम डायॉप्टर आत वळलेला दिसत असतो.

हेडसेटवर तिरळेपणा मोजायचे जे स्वस्त प्रयोग झाले, त्यांत कॅमेरे नव्हते. एका डोळ्याला वर्तुळ, दुसऱ्याला फुली दाखवायची आणि रुग्णाने रिमोटने फुली वर्तुळात नेऊन ठेवायची. फोनला पुठ्ठ्याचे खोके लावूनही हे होते. मोठ्या माणसाला नुकतेच दोन-दोन दिसू लागले असेल, तर हा हिशेब नीट जमतो. पण वर सांगितलेल्या मुलाला हाच खेळ दिला, तर फुली शून्यावर बसेल आणि पडद्यावर 'डोळे सरळ आहेत' असा शेरा येईल. म्हणून अवरक्त दिव्यांचे कॅमेरे लागतात: रुग्णाला काय दिसते ते न विचारता डोळा कुठे आहे तेवढेच पाहणारे.

कॅमेऱ्यांच्या हेडसेटमध्ये तपासणी अशी चालते. समोर अंधाऱ्या खोलीसारखे दृश्य आणि मधोमध एक ठिपका किंवा लहानसा फुगा. सॉफ्टवेअर उजव्या डोळ्याचा पडदा काळा करते. डावा डोळा फुग्याकडे पाहतो. दोन-तीन सेकंदांनी डावा पडदा काळा, उजवा उजळ. झाकणी एका डोळ्यावरून दुसऱ्यावर न्यावी तसेच, फक्त हात नाही. मग फुगा कोपऱ्यात जातो, वर, खाली, तिरका, अशा नऊ दिशांना आणि प्रत्येक ठिकाणी तीच उघडझाप. डोके हलले तरी बिघडत नाही, कारण पडदे डोक्याबरोबरच फिरतात. एरवी नऊ दिशांत मोजायचे म्हणजे ताईंनी रुग्णाची हनुवटी धरून डोके वळवायचे, मग प्रिझम, मग झाकणी, आणि रुग्णाने मध्येच मान सरळ करायची.

पण यातली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळी आहे. हातात झाकणी धरून तपासणाऱ्याला झाकलेला डोळा दिसत नाही. तो उघडा पडल्यावर परत येताना दिसतो आणि त्यावरून तो कुठे गेला होता याचा अंदाज बांधायचा असतो. फ्रान्सच्या आनेत स्पिलमान यांनी अर्धपारदर्शक झाकणी आणली ती याच अडचणीपायी: मुलाला आरपार दिसत नाही, पण तपासणाऱ्याला आतला डोळा अंधुक दिसतो. हेडसेटमध्ये पडदा काळा झाला तरी अवरक्त दिवे चालूच असतात आणि माणसाला ते दिसत नाहीत. झाकणीमागचा डोळा कधी सुटला, किती वेगाने गेला, कुठे थांबला, हे सेकंदाच्या एकशेविसाव्या भागापर्यंत नोंदले जाते. अधूनमधून बाहेर जाणाऱ्या डोळ्याच्या बाबतीत ही नोंद म्हणजे एका आकड्याऐवजी अख्खा आलेख.

झुरिकमध्ये या वाटेवर आधीच पावले पडली होती. तिथल्या नेत्रतज्ज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर 2017 मध्ये जे गॉगल तपासून पाहिले, त्यांत डोळ्यांसमोर विजेवर उघडझाप होणाऱ्या काचा, बाजूला अवरक्त कॅमेरे आणि भिंतीवर लेझरचा ठिपका अशी रचना होती. ज्या तक्त्याशी त्यांनी तुलना केली तो हेस पडदाही स्वित्झर्लंडचाच. वॉल्टर रुडॉल्फ हेस हे आधी डोळ्यांचे डॉक्टर होते. 1908 मध्ये त्यांनी हा चौकटींचा पडदा काढला, पुढे मेंदूकडे वळले, झुरिकला प्राध्यापक झाले आणि 1949 चे नोबेल मेंदूच्या कामासाठी मिळवले. लकवा पडलेल्या स्नायूचा नकाशा काढायला त्यांचा पडदा अजून वापरात आहे.

त्यानंतर खऱ्या व्हीआर हेडसेटवरचे अभ्यास येऊ लागले. दक्षिण कोरियात फोव्ह घेऊन, तैवानमध्ये 2021 साली व्हाइव्ह प्रो आय घेऊन. लंडनच्या एका गटाने आरपार दिसणारा होलोलेन्स वापरून पाहिला. रुग्ण सगळीकडे मोजकेच, दहा-वीस ते काही डझन. बहुतेक ठिकाणी निष्कर्षात एक शब्द येतो: सहसंबंध. प्रिझम बारवर आकडा वाढला की हेडसेटवरही वाढतो. इथे वाचकाने जरा सावध व्हावे. समजा, एखादा हेडसेट दर वेळी खऱ्या कोनाच्या तीन-चतुर्थांशच दाखवतो. 40 चे 30, 20 चे 15. सहसंबंध शंभर टक्के, आणि त्या आकड्यावर शस्त्रक्रिया केली तर डोळा अर्धवट तिरळाच राहील. मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन या दोन इंग्रज संख्याशास्त्रज्ञांनी 'लॅन्सेट'मध्ये 1986 साली नेमका हाच घोटाळा दाखवून दिला होता: दोन मापनपद्धती जुळतात का हे पाहायचे असेल, तर त्यांच्यातला फरक मांडा, सहसंबंध नको. तेव्हापासून डॉक्टरांच्या नियतकालिकांत त्यांच्या नावाचा आलेख हटकून असतो आणि जाहिरातींच्या पत्रकांत हटकून नसतो.

आकडे चुकण्याचे सर्वांत खट्याळ कारण सुरुवातीलाच दडलेले असते. हेडसेट घातला की पहिल्यांदा तो जुळवणी करून घेतो. ठिपका पाच-सहा ठिकाणी दिसतो, माणसाने त्याच्याकडे पाहायचे आणि यंत्राने नोंद करायची की या क्षणी दोन्ही डोळे ठिपक्यावर आहेत. दोन्ही! तिरळ्या माणसाचा एकच डोळा ठिपक्यावर असतो, दुसरा भिंतीवर. यंत्र तो भिंतीवरचा डोळाही ठिपक्यावर आहे असे धरून चालते, म्हणजे जो दोष मोजायचा तोच जुळवणीत पुसून टाकते. नाहीतर 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणत हटून बसते. तिरळेपणा असलेल्या अनेकांना दुकानात हेडसेट घालून पाहताना हा अनुभव येतो. ॲपलच्या व्हिजन प्रोमध्ये बोटाऐवजी नजरेने बटणे निवडायची असतात. त्यात फक्त डाव्या किंवा फक्त उजव्या डोळ्याचा माग घ्यायची सोय सेटिंगमध्ये ठेवलेली आहे. मोजणीसाठीचा उपायही असाच आहे. एक पडदा काळा करून एकेका डोळ्याची वेगळी जुळवणी करायची. पण ज्याचा डोळा आळशी पडून ठिपक्यावर नीट स्थिरच होत नाही, त्याच्यापुढे हा उपायही लंगडा पडतो.

दुसरी अडचण काचेची आहे. हेडसेटचे भिंग पडद्याची प्रतिमा एका ठराविक अंतरावर, बऱ्याच हेडसेटमध्ये दीड-दोन मीटरच्या आसपास, नेऊन ठेवते. दृश्यातली चिमणी नाकासमोर आली तरी डोळ्याच्या भिंगाला फुगावे लागत नाही. पण उट्रेख्टचे फ्रान्स डोंडर्स यांनी 1864 मध्ये दाखवले होते की मोठा प्लस नंबर असलेल्या मुलांत जवळचे पाहण्याचा हाच जोर डोळा आत ओढतो. म्हणून दवाखान्यात दोनदा मोजतात, सहा मीटरवर आणि 33 सेंटिमीटरवर, आणि दोन आकड्यांतल्या तफावतीवरून चश्मा ठरतो. हेडसेटमध्ये हे दुसरे माप मिळत नाही. उलट, खोके नाकाशी टेकले आहे या नुसत्या जाणिवेनेही डोळे थोडे आत येतात. सिनॉप्टोफोर वापरणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. त्याचा आकडा आत वळणाऱ्या डोळ्यात जरा जास्त येतो हे धरूनच ते वाचतात.

आणि डोळ्याचे गोल फिरणे, घड्याळाच्या काट्यासारखे? बाहुली गोल असते. ती आपल्याभोवती फिरली तरी कॅमेऱ्याला तशीच दिसते. चौथ्या मज्जातंतूच्या दुबळेपणात डोळा असाच पिळला जातो आणि माणूस दोन-दोन दिसू नये म्हणून नकळत मान एका खांद्याकडे कलती ठेवतो. अशा वेळी डॉक्टर घरचे जुने फोटो मागवतात. पहिलीच्या वर्गाच्या फोटोत, मुंजीत, लग्नाच्या स्टेजवर मान तशीच कललेली सापडली, की दोष जन्माचा, आणि मेंदूच्या स्कॅनची घाई नको. इंग्रजीतले डॉक्टर याला थट्टेने 'फॅमिली अल्बम टोमोग्राफी' म्हणतात. हेडसेटमधल्या संवेदकाला मानेचा कल मोजता येतो, पण तो आजचा. फोटो वीस वर्षांपूर्वीचा सांगतो.

आता पुन्हा ती चार वर्षांची मुलगी. तिरळेपणा बहुतेक वेळा शाळेत जायच्या आधीच दिसू लागतो आणि डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन वीझेल यांना 1981 चे नोबेल ज्या कामासाठी मिळाले, त्यातून कळले की डोळा आणि मेंदू यांचे नाते याच कोवळ्या वयात पक्के होते. हेडसेट कंपन्यांची वयोमर्यादा मात्र बराच काळ 13 होती. मेटाने 2023 मध्ये ती पालकांच्या देखरेखीखाली 10 वर आणली. मोठ्यांच्या दोन बाहुल्यांमधले अंतर सरासरी 63 मिलिमीटर असते, चार वर्षांच्या मुलीचे 50 च्या आसपास. हेडसेटची भिंगे तेवढी जवळ येतच नाहीत. अर्धा किलोहून जड डबा तिच्या नाकावरून घसरतो, घसरला की कॅमेऱ्याचे गणित घसरते आणि सर्वांत मुख्य म्हणजे तिला आई दिसेनाशी होते. उपचारासाठी काढलेल्या हेडसेटमध्ये यावर तोड काढल्याचे उदाहरण आहे. आळशी डोळ्यासाठी ल्युमिनोपिया या उपकरणाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2021 मध्ये मान्यता दिली, ती 4 ते 7 वर्षांच्या मुलांसाठी. त्यात मूल आवडीचे कार्टून पाहते आणि दोन डोळ्यांना मिळणारे चित्र वेगवेगळ्या कॉन्ट्रास्टचे असते. पण कार्टून पाहणे वेगळे आणि सांगितलेल्या ठिपक्याकडे सांगितलेल्या क्षणी पाहणे वेगळे. 'चिमणी काय करतेय' हे विचारणारा आवाज डब्यात कसा घालायचा, यावर काम करणारे अनेक जण शेवटी फुग्याला पंख लावतात, त्याला आवाज देतात, फुटू देतात.

एक घरगुती गोष्टही विसरायला नको: चेहऱ्याला टेकणारा स्पंज. 2023 च्या पावसाळ्यात आळंदीपासून सुरू होऊन राज्यभर डोळे आले, तेव्हा दवाखान्यांत डोळे तपासायच्या स्लिट लॅम्पची हनुवटीची पट्टीसुद्धा दर रुग्णामागे पुसावी लागत होती. दिवसाला तीस चेहऱ्यांवर चढणारा स्पंज पुसून भागत नाही. बदलता येणारे कातडी आवरण हवे, नाहीतर कागदी मुखवटा.

हेडसेटला आज खरे गिऱ्हाईक मिळते ते मोठ्या माणसांत. मधुमेह असलेला पन्नाशीचा एखादा ट्रकचालक. एका सकाळी उठला आणि रस्त्यावरची पांढरी रेघ दोन झाली. उजव्या डोळ्याला बाहेर नेणारा सहावा मज्जातंतू रक्तपुरवठा तुटल्याने लुळा पडला. हा चालक बोलतो, ऐकतो, ठिपक्याकडे बघ म्हटले की बघतो, डोळे आळशी नाहीत, जुळवणी पहिल्या झटक्यात होते. असा लकवा बहुधा काही महिन्यांत आपोआप ओसरतो आणि तोपर्यंत दर दोन-तीन आठवड्यांनी मोजत राहायचे असते की तो ओसरतो आहे की नाही. ओसरत नसेल तर कारण दुसरे शोधायला हवे. नऊ दिशांचा नकाशा, काही मिनिटांत, दर वेळी त्याच पद्धतीने, कोणीही तपासनीस असला तरी. मागच्या नकाशावर आजचा ठेवला की फरक उघड दिसतो.

समजा तिसऱ्या खेपेला मधल्या ठिपक्यावरचा कोन 2 वर आला आहे आणि तो विचारतो, आता गाडी चालवू का? कॅमेऱ्याची हमी मधल्या 20 अंशांपुरती आहे. डोळा टोकाला वळला की पापणी आड येते, बाहुली कडेवरून लांबट दिसते आणि नोंद तुटक होते. सहाव्या मज्जातंतूचा दुबळेपणा मात्र सर्वांत उशिरा त्या टोकालाच बरा होतो. त्याच्या केबिनचा उजवा आरसा असतो नेमका त्या टोकाला. त्यात त्याला अजून मागून येणाऱ्या दोन गाड्या दिसतात, एक खरी आणि एक तिच्या शेजारी. त्यातली खरी कोणती हे ओळखायला तो अख्खी मान उजवीकडे वळवतो.